गहू सोडण्याआधी रक्त तपासा: मोठ्यांमधला सिलिॲक आजार

‘ग्लूटेन-फ्री’ हे शब्द आता वसई-विरारमधल्या बहुतेक मोठ्या दुकानांच्या फळीवर दिसतात. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी-नाचणीला पुन्हा मान मिळाला, ही चांगलीच गोष्ट. पण त्याच लाटेत ‘गहू सोडा, पोट सुधारेल’ असे सांगणारे व्हिडिओही घरोघरी पोचले. पोट फुगते, थकवा येतो म्हणून अनेक जण स्वतःच गहू बंद करतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात येऊन विचारतात, ‘डॉक्टर, मला ग्लूटेनचा आजार आहे का?’

तोवर या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर देणे अवघड झालेले असते. सिलिॲक आजाराच्या तपासण्या गहू पोटात जात असतानाच खरे बोलतात. गहू बंद केला की रक्तातले पुरावे हळूहळू पुसले जातात आणि आतड्याची जखमही भरू लागते. म्हणून एकीकडे गरज नसताना गहू सोडलेली माणसे दिसतात, आणि दुसरीकडे खरा आजार असून वर्षानुवर्षे फक्त लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधे खाणारी माणसे. दोघांसाठीही सल्ला एकच: आधी तपासणी, मग पथ्य.

थोडक्यात

- सिलिॲक कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. जुलाब आणि वजन घटणे ही लक्षणे असतीलच असे नाही.
- पहिली तपासणी रक्ताची: टीटीजी-आयजीए आणि त्यासोबत एकूण आयजीए.
- तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू खाणे थांबवू नका.
- निदान पक्के झाल्यावर मात्र ग्लूटेन आयुष्यभरासाठी पूर्ण बंद. ‘थोडेसे चालते’ हा प्रकार यात नाही.

हा आजार नेमका काय आहे?

गहू, बार्ली (म्हणजे जव) आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिने असतात. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो ग्लूटेनमुळे. काही लोकांच्या शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लूटेन पोटात गेल्यावर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातले लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे तिथूनच रक्तात शिरतात. हे उंचवटे झिजून सपाट झाले की खाल्लेले अंगी लागत नाही.

म्हणजे ही ॲलर्जी नाही आणि नुसते अपचनही नाही. गव्हाच्या ॲलर्जीत खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत अंगावर गांधी उठतात, सूज येते किंवा दम लागतो. तिसराही एक गट आहे. त्यांना गहू खाल्ल्यावर पोट फुगते, पण सिलिॲकच्या तपासण्या नकारात्मक येतात आणि आतडे शाबूत असते. अशांपैकी काहींना त्रास ग्लूटेनचा नसून गहू, कांदा, लसूण यांतल्या न पचणाऱ्या शर्करांचा असतो. तिन्ही प्रकारांचे उपचार आणि पथ्याची कडकाई वेगळी आहे. म्हणून अंदाजावर आयुष्यभराचे पथ्य लावून घेऊ नये.

‘हा तर उत्तरेकडचा आजार’, खरेच?

हा समज पूर्ण चुकीचा नाही, पण अपुरा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासण्या झाल्या. सिलिॲकचे प्रमाण उत्तरेत ०.८५ टक्के, ईशान्येत ०.४७ टक्के, तर दक्षिणेत ०.०१ टक्क्याच्या आसपास आढळले. हा आजार होण्यासाठी लागणारी आनुवंशिक ठेवण मात्र तिन्ही भागांत साधारण सारखीच होती, ३१ ते ३८ टक्के लोकांमध्ये. मोठा फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. अर्थात गहू हे एकमेव कारण नाही. ईशान्येत गहू कमी खाऊनही आजाराचे प्रमाण दक्षिणेपेक्षा बरेच जास्त होते.

या अभ्यासात महाराष्ट्र नव्हता. पण आपल्या पट्ट्याचा विचार करा. निर्मळ, भुईगाव, वाघोली, गास या गावांचे जुने जेवण म्हणजे भात, तांदळाची भाकरी, मासळी, भाजी आणि केळी. आज त्याच घरांत डब्याला चपाती जाते, सकाळी पाव-बटर असते, स्टेशनवर वडापाव आणि रात्री कधी नूडल्स. शिवाय विरार-नालासोपाऱ्यात उत्तर भारतातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यामुळे ‘आपल्याकडे हा आजार नसतो’ असे गृहीत धरून चालणार नाही.

मोठ्या माणसांत तो कसा दिसतो?

पुस्तकातला सिलिॲक म्हणजे पोट मोठे, हातपाय काटकुळे आणि सतत जुलाब होणारे मूल. मोठ्यांमध्ये चित्र बरेचदा वेगळे असते. सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे दाद न देणारा ॲनिमिया.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना ॲनिमिया होता. यातल्या बहुतेकींना सिलिॲक नाही. अपुरा आहार, मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव आणि जंत ही कारणे कितीतरी जास्त आढळतात. पण अडचण इथेच आहे. ॲनिमिया इतका नेहमीचा झाला आहे की त्यामागचे वेगळे कारण कोणी शोधत नाही. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि सिलिॲक सर्वांत जास्त नुकसान तिथेच करतो. म्हणून लोहाच्या गोळ्या तीन महिने नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल किंवा गोळ्या थांबवल्या की पुन्हा खाली येत असेल, तर डॉक्टरांना विचारा, ‘सिलिॲकची तपासणी करायची का?’

याशिवाय पुढील गोष्टी असतील तरीही तपासणीचा विचार व्हायला हवा:

- बरेच दिवस टिकलेले जुलाब, पोट फुगणे किंवा बद्धकोष्ठता. ‘आयबीएस’ असे सांगितले गेले असेल तरीसुद्धा
- कमी वयात हाडे ठिसूळ होणे, ड जीवनसत्त्वाची वारंवार कमतरता
- तोंडात पुन्हा पुन्हा येणारे फोड
- कारण न सापडलेले वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात
- यकृताच्या तपासणीत एन्झाइम्स कारणाविना वाढलेली
- कोपर, गुडघे आणि नितंबांवर खूप खाजणारे बारीक फोड
- टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार
- आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला सिलिॲक

शेवटचा मुद्दा विसरू नका. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत हा आजार साधारण साडेसात टक्के, म्हणजे तेरा जणांत एकाला आढळतो. घरात एकाचे निदान झाले की बाकीच्यांनीही रक्त तपासून घ्यावे, त्रास नसला तरी. आणि वजन जास्त आहे म्हणून सिलिॲक नसेल, असेही नाही.

तपासणी: कोणती आणि कोणत्या क्रमाने

पहिली पायरी: टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए. दोन्ही एकाच रक्तनमुन्यातून होतात, उपाशीपोटी जावे लागत नाही. एकूण आयजीए कशासाठी? सिलिॲकच्या साधारण २ ते ३ टक्के रुग्णांच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंड जवळजवळ तयारच होत नाही. अशांचा टीटीजी-आयजीए आजार असूनही नॉर्मल येतो. त्यांच्यासाठी आयजीजी प्रकारच्या तपासण्या असतात.

दुसरी पायरी: एंडोस्कोपी आणि बायोप्सी. रक्ततपासणी सकारात्मक आली, किंवा नकारात्मक येऊनही संशय दाट असला, तर पोटविकारतज्ज्ञ तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक तुकडे घेतात. त्यासाठी भरती व्हावे लागत नाही. आतड्याचे नुकसान सलग नसून ठिकठिकाणी असू शकते, म्हणून निदान चार तुकडे आणि त्याशिवाय अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातले एक-दोन घ्यायचे असतात. अहवाल हातात आल्यावर किती तुकडे घेतले ते जरूर पाहा.

जनुकीय तपासणी कधी? डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकीय खुणा तपासता येतात. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नक्की नाही. पण त्या असल्या म्हणजे आजार आहे असे मुळीच नाही. वर पाहिले त्याप्रमाणे तीनात एका निरोगी भारतीयात त्या सापडतात. गहू आधीच सोडला आहे आणि पुन्हा सुरू करायची तयारी नाही, अशांसाठी ही तपासणी उपयोगी पडते.

गहू आधीच सोडला असेल तर? डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज दोन-तीन चपात्यांइतका गहू काही आठवडे, साधारण सहा ते आठ, खाऊन मग तपासणी करावी लागते. हा काळ काहींना त्रासदायक जातो. आधी तपासा म्हणण्यामागे हेही कारण आहे.

शे-दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ आयजीजी तपासणी सिलिॲकच्या निदानासाठी उपयोगाची नाही. त्या पैशांत वरच्या दोन्ही रक्ततपासण्या होऊन पैसे उरतील.

बायोप्सी टाळता येते का?

सध्या तज्ज्ञांमध्ये यावरच सर्वाधिक चर्चा आहे. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांसाठी ही वाट आधीच मोकळी केली होती: टीटीजी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दहा पट किंवा जास्त, आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही तपासणीही सकारात्मक असेल, तर बायोप्सीशिवाय निदान करता येते. फिनलंडने २०१८ मध्ये प्रौढांसाठीही तसेच केले. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ब्रिटनने ५५ वर्षांखालच्यांसाठी तात्पुरती मुभा दिली. २०२५ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ४५ वर्षांखालच्या प्रौढांसाठी हा मार्ग मान्य झाला. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनेने मात्र २०२३ मध्ये प्रौढांसाठी बायोप्सीचीच शिफारस कायम ठेवली. एंडोस्कोपी शक्य नसलेल्यांसाठी तेवढी सवलत ठेवली.

आपण काय करावे? माझे मत असे, की एंडोस्कोपी करणे शक्य असेल तर करून घ्यावी. याला दोन कारणे आहेत. एक, वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या किटमध्ये फरक असतो, त्यामुळे एका ठिकाणचे ‘दहा पट’ दुसऱ्या ठिकाणी तितकेच असेल असे नाही. दुसरे, आपल्याकडे जिआर्डियाचा संसर्ग, ट्रॉपिकल स्प्रू आणि आतड्याचा क्षयरोग हे आजारही अशक्तपणा, जुलाब आणि घटते वजन घेऊनच येतात. त्यांचे उपचार औषधांनी होतात, गहू सोडून नाही. आयुष्यभराचे पथ्य सुरू करण्याआधी निदान पक्के असणे रुग्णाच्याच हिताचे आहे. मुंबईत केईएम, नायर आणि शीव या महापालिका रुग्णालयांत पोटविकार विभाग आहेत. खासगी एंडोस्कोपी परवडत नसेल तर तुमच्या डॉक्टरांकडून तिथली चिठ्ठी घ्या.

पथ्य: नियम सोपा, पाळणे कठीण

भात, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सर्व डाळी, बेसन, दूध, अंडी, मासे, मटण, भाज्या आणि फळे यांत ग्लूटेन नाही. आपल्या भागातल्या माणसाला हे पथ्य त्या मानाने सोपे आहे. तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी, उकडीचे मोदक आणि वसईची सुकेळी हे सगळे जसेच्या तसे चालते.

मग चूक कुठे होते? प्रमाणाचा अंदाज घ्या. एका मध्यम चपातीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होऊ शकते, असे प्रयोगात दिसले आहे. म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग. लाटताना ओट्यावर सांडते त्याहून ते जास्त नाही. म्हणून पुढच्या जागा सांभाळा:

- गिरणी: गहू दळल्यावर त्याच जात्यात दळलेली नाचणी किंवा तांदूळ सुरक्षित राहत नाही. घरघंटी असेल आणि ती फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवता आली तर उत्तम.
- खपली गहू: ‘पचायला हलका’ म्हणून तो विकला जातो, पण तोही गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. सिलिॲकच्या रुग्णाने तो खाऊ नये.
- हिंग: डबीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, घटकांची यादी वाचून घ्या.
- मसाले आणि भाजणी: ईस्ट इंडियन घरांतल्या बॉटल मसाल्यात अनेक पद्धतींत गहू भाजून घालतात. थालिपिठाच्या भाजणीतही बऱ्याच घरी गहू असतो. मसाला कुटायला देताना गहू वगळून वेगळा करून घ्या.
- नावावरून न कळणारे: रवा, शेवया, लापशी, कुरडई, सातूचे पीठ, सोया सॉस, माल्ट घातलेली दुधातली पेये आणि बिअर.
- तळण: बटाटेवड्याचे आवरण बेसनाचे असले तरी त्याच तेलात समोसे तळले असतील तर तो वर्ज्य.
- ओट्स: शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, पण बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ असू शकते. सुरुवातीला टाळा, नंतर डॉक्टरांना विचारून प्रमाणित तेच घ्या.

घरात सगळ्यांनीच गहू सोडायची गरज नाही. रुग्णासाठी पोळपाट-लाटणे, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवा, त्याचे जेवण आधी बनवा. निर्मळची जत्रा असो, लग्न असो की नाताळचे फुगे आणि कलकल, घरून काहीतरी सोबत न्या. ‘एक तुकडा खा, काही होत नाही’ असा आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना हा लेख दाखवा.

लेबल आणि रेशन

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमांनुसार ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणण्यासाठी पदार्थात ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. २० ते १०० मिलिग्रॅम असेल तर तो ‘कमी ग्लूटेन’. सिलिॲकच्या रुग्णाने तो घेऊ नये. पाकिटावर ॲलर्जीकारक घटकांची ओळही छापावी लागते, त्यात गहू, बार्ली यांचा उल्लेख असतो. मागची बाजू वाचायची सवय लावा. महागडी ग्लूटेन-फ्री बिस्किटे ही गरज नाही, सोय आहे. त्यांत साखर-तूप पुष्कळ असते.

रेशनवर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा प्रश्न वेगळा आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण धान्य ठरते ते कुटुंबाच्या वर्गावरून, आजारावरून नाही. सिलिॲकच्या रुग्णाच्या वाट्याचा गहू त्याच्या उपयोगाचा नसतो आणि तेवढा तांदूळ किंवा ज्वारी त्याला विकत घ्यावी लागते. डॉक्टरांच्या दाखल्यावर गव्हाऐवजी तांदूळ मिळण्याची सोय झाली, तर गरीब रुग्णासाठी ते औषध फुकट मिळाल्यासारखे होईल. या आजारात धान्य हेच औषध आहे.

मिस्सेतल्या ओस्तीचे काय?

आपल्या भागातल्या कॅथलिक रुग्णांना हा प्रश्न पडतो आणि तो विचारायला संकोच वाटतो. ओस्ती गव्हाची असते. चर्चच्या नियमांनुसार पूर्णपणे ग्लूटेनमुक्त ओस्ती ग्राह्य नाही, पण अल्प ग्लूटेनची ओस्ती ग्राह्य आहे. व्हॅटिकनने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ च्या पत्रात हे स्पष्ट केले आहे. ज्यांना तीही चालत नाही त्यांना केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेण्याची मुभा आहे. मात्र ज्या कपात ओस्तीचा तुकडा टाकला जातो तो टाळून वेगळा कप ठेवावा लागतो. तुमच्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोला. ही मुभा लिखित आहे, तुम्ही सवलत मागत नाही.

गोळी कधी येणार?

आज सिलिॲकसाठी मान्यता मिळालेले औषध नाही. लॅराझोटाइड या औषधाची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली. झेड१२२७ या दुसऱ्या औषधाने २०२१ च्या चाचणीत आतड्याचे नुकसान कमी केल्याचे दिसले, पण त्यावरचे काम अजून पूर्ण झालेले नाही. ‘आतडे बरे करून गहू पुन्हा सुरू करून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर पैसे घालवू नका.

निदानानंतरची वाटचाल

बहुतेकांना पथ्य सुरू केल्यावर काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. आतडे पूर्ण भरून यायला मात्र मोठ्यांमध्ये एक-दोन वर्षे किंवा त्याहून जास्त लागू शकतात. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि नंतर दरवर्षी टीटीजी तपासा. तो खाली येत राहायला हवा. सुरुवातीला हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. हाडांची घनता आणि न्यूमोनियाची लस याबद्दलही विचारा.

पथ्य करूनही त्रास राहिला तर पहिला संशय लपून येणाऱ्या ग्लूटेनवर घ्या: गिरणी, हिंग, मसाला, बाहेरचे खाणे. ते नसेल तर दुधातली साखर न पचणे, आतड्यात जिवाणूंची वाढ यांसारखी कारणे शोधावी लागतात. पथ्याला दाद न देणारा सिलिॲक फार थोड्यांना होतो. मात्र पथ्य चालू असतानाही वजन घटणे, ताप, शौचातून रक्त किंवा सतत पोटदुखी असेल तर वेळ न घालवता पोटविकारतज्ज्ञांना भेटा.

आणि ज्यांनी अजून तपासणी केलेली नाही पण हा लेख वाचून गहू बंद करावासा वाटतो आहे, त्यांनी आजची चपाती खाऊन घ्यावी आणि उद्या रक्त देऊन यावे.